कारण : विषयबाह्य

लग्नाकार्यात शेजारी बसलेल्या बाईने "तुम्ही नोकरी कुठे करत होतात?" असं विचारलं, की मी "बागायतदारांच्या संस्थेत" एवढंच सांगते आणि पानातल्या जिलबीकडे वळते. कारण पुढचा प्रश्न "म्हणजे नक्की काय करत होतात?" हा असतो आणि त्याचं खरं उत्तर "लोक बोलत असले की त्यांना गप्प करत होते" हे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात या कामाचा पगार मिळतो यावर कोणी विश्वास ठेवत नाही. इथे माणूस अर्धा दिवस गप्प बसला तर घरचे त्याला डॉक्टरकडे नेतात.

आमची संस्था आंबा-काजूवाल्यांची. तिने इंटरनेटवर एक चर्चामंच काढला, तो अजून चालतो. ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बागायतदाराने तिथे आपला प्रश्न लिहायचा, ज्याला माहीत असेल त्याने खाली उत्तर लिहायचं. मोबाइलवरच्या ग्रुपात सकाळचं बोलणं दुपारपर्यंत वाहून जातं. इथे ते फडताळात ठेवल्यासारखं जागच्या जागी राहतं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तीच अडचण आली तर शोधून सापडतं. त्यासाठी फडताळाला खण हवेत, म्हणून मंचाला विभाग होते : मोहोर, कीड-रोग, खत-पाणी, फवारणी, काढणी-विक्री आणि काजू. आंब्याला पाच विभाग आणि काजूला एकच का, यावर दरवर्षी एक भांडण ठरलेलं असायचं.

मी संस्थेत कारकून होते. मंच सुरू झाला तेव्हा ऑफिसात मराठी टायपिंग मला एकटीला येत होतं, एवढ्या पुण्याईवर आमचे अध्यक्ष आबा म्हणाले, "बाई, हे आता तुम्हीच बघा." आबा सगळ्याच बाबतीत असं म्हणतात. त्यामुळे मी मंचचालक झाले. रोज आलेलं सगळं लिखाण वाचायचं, चुकीच्या विभागात पडलेलं उचलून योग्य विभागात ठेवायचं आणि जे कुठेच बसत नाही ते काढून टाकायचं. काढताना कारण नोंदवावं लागे. त्याची यादी संगणकातच होती : अपशब्द, जाहिरात, दुबार, विषयबाह्य. पहिली तीन कारणं मी वर्षाकाठी दहा-बारा वेळा वापरली असतील. चौथ्यावर माझी नोकरी झाली.

मी सुरुवातीपासून एवढी कडक नव्हते. एका हंगामात एका बागायतदाराने सकाळी आठला मंचावर लिहिलं की अमुक दोन औषधं एकत्र मिसळून मारू नका, मी मारली, मोहोर करपला. नेमका त्याच सकाळी आबांचा वाढदिवस होता. "आबांना उदंड आयुष्य लाभो" अशा शुभेच्छांची रांग लागली आणि तो इशारा खाली खाली जात दिसेनासा झाला. अकरा वाजता राजापूरकडच्या एका माणसाने तीच दोन औषधं पंपात मिसळली. आठवड्याने तो ऑफिसात आला. करपलेला मोहोर वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. तो माझ्या टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसून राहिला. मी चहा मागवला, तोही त्याने घेतला नाही. त्या दिवसापासून मी ठरवलं की या मंचावर आंबा-काजूशिवाय अक्षर राहू द्यायचं नाही.

पण ठरवणं सोपं आणि रत्नागिरीकर माणूस अवघड. मी वेबसाइटवाल्या कंपनीला सांगून एक चाळणी बसवून घेतली. मोहोर, पालवी, तुडतुडे नि थ्रिप्स या किडी, भुरी हा रोग असे बागेतले पन्नासेक शब्द दिले आणि यातला एकही शब्द नसलेलं लिखाण आपोआप अडेल अशी व्यवस्था केली. दोन दिवस मंच अगदी सोवळ्यातला झाला. तिसऱ्या दिवशी लोकांना युक्ती कळली. "मुलीचं लग्न ठरलं. मुलगा बँकेत आहे. मोहोर साधारण." "म्हैस हरवली आहे, कपाळावर पांढरा ठिपका. पालवी चांगली." कळस झाला तो एका गृहस्थाने लिहिलं तेव्हा : "आमच्या मातोश्रींस आज पहाटे देवाज्ञा झाली. थ्रिप्स आटोक्यात आहे." त्याखाली आमच्या सरांनी उत्तर दिलं. सर म्हणजे निवृत्त कृषिशास्त्रज्ञ, विद्वान माणूस, मंचाचा आधार. त्यांनी लिहिलं : "आपल्या दुःखात सहभागी आहे. थ्रिप्स आटोक्यात असला तरी गाफील राहू नये." आठ दिवसांत मी चाळणी काढून टाकली. चाळणी गेली, पण शेवटी एक बागेचं वाक्य जोडायची सवय बऱ्याच जणांना कायमची लागली.

दुसरी फजिती सुभाष आणि विलास या चुलतभावांनी केली. दोघांच्या बागा एकमेकांना लागून, बांधावरून वाद आणि सात वर्षं बोलणं बंद. कीड-रोग विभागात प्रश्न विचारताना एक छापील तक्ता भरावा लागे, तो मीच मोठ्या कौतुकाने तयार केला होता. सुभाषने तो असा भरून पाठवला. किडीचं नाव : विलास. प्रादुर्भाव : उत्तरेकडचा बांध. हंगाम : बारमाही. लक्षणं : दरवर्षी हातभर पुढे सरकते. आजवर केलेले उपाय : तलाठी. मी तो तक्ता अर्धा तास बघत बसले. एकही रकाना रिकामा नव्हता, नियमाप्रमाणे बोट ठेवायला जागा नव्हती. मी काढेपर्यंत विलासने खाली लिहिलंही होतं, "ही कीड दक्षिणेकडून आली आहे." आणि कुणीतरी दोघांना कडुनिंबाचा अर्क सुचवला होता.

तर अशा मंचावर दत्ताराम आले.

दत्ताराम पूर्णगडच्या बाजूचे. उभी हयात मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून काढली आणि निवृत्त होऊन गावी येऊन साठ कलमं सांभाळत होते. बायको वारली, मुलगा मुंबईत. वाडीतली शेजारची दोन्ही घरं गणपती आणि मे महिना सोडला तर कुलपात. गडी रविवारी यायचा. जहाजावर पहाऱ्याचा माणूस ठरल्या वेळी वाऱ्या-आभाळाची नोंद करतो, तशी नोंद दत्ताराम रोज सकाळी सहाला मोहोर विभागात करायचे. "०६००. वारा ईशान्य, हलका. आभाळ मोकळं. दव भरपूर." इथपर्यंत उत्तम. दव किती पडलं यावर भुरी येणार की नाही ते ठरतं, त्यामुळे हे सगळं विषयाला धरून होतं. पण नोंद इथे थांबत नसे. "काल भात खाली लागला. खरवडून खाल्ला. असाच भात मोंबासाला आमच्या खानसाम्याने लावला होता, तेव्हा कप्तानाने त्याला..." असं ते पाऊण पान चाले आणि शेवटी "सर्व ठीक" येई.

मी "दव भरपूर" ठेवायची आणि पुढचं कापायची. चौथ्या दिवशी त्यांचा ऑफिसात फोन आला.

"बाई, कापायचं तर कापा. पन 'सर्व ठीक' कशाला कापलात? तो रिपोर्टाचा शेवट हाय. त्याबिगर रिपोर्ट पुरा नाय होत."

मी विचारलं, "सर्व ठीक हे बागेबद्दल आहे की तुमच्याबद्दल?"

ते म्हणाले, "दोगांबद्दल."

"मग अर्धं विषयबाह्य आहे," मी म्हणाले आणि फोन ठेवला. हे उत्तर मला त्या दिवशी फार आवडलं होतं. घरी जाऊन मी ते नवऱ्यालाही सांगितलं.

दत्ताराम हार मानणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पोस्टाने रीतसर अर्ज पाठवला. "विषय : विषयाबाहेरील गप्पांसाठी स्वतंत्र विभाग मिळणेबाबत." माझ्या सगळ्या नोकरीत इतका शुद्ध अर्ज मी पाहिला नव्हता. त्यांचं म्हणणं असं की माणूस बाग सांभाळतो म्हणजे तो चोवीस तास बागेबद्दल बोलत नाही, तेव्हा बाकीच्या बोलण्याला एक वेगळा खण द्यावा, ज्याला नको त्याने तो उघडू नये. मी अर्ज आबांपुढे ठेवला. आबा म्हणाले, "तुम्हीच बघा काय ते." मला विभाग नको होता. पण नुसतं नाही म्हटलं तर बाई हुकूमशहा आहे असं झालं असतं, म्हणून मी तो प्रश्न मंचावर मांडला आणि मत द्यायला तीन पर्याय दिले : हवा, नको, विचार करून सांगतो.

सरांनी लगेच "नको" लिहिलं. आज गप्पा, उद्या राजकारण, परवा मारामारी आणि तेरवा मंच बंद, असा त्यांचा क्रम होता. चिपळूणच्या सुलभाताईंनी "हवा" लिहिलं. या निवृत्त शिक्षिका, काजूची बाग आहे, बोलणं छडीसारखं. त्या म्हणाल्या, "मी तीस वर्षं वर्ग घेतलेत. मधली सुट्टी दिली नाही की पोरं तासाला बोलतात. तुमच्या मंचावर नेमकं तेच चाललंय." यावर एकाने विचारलं की ताई कुठल्या शाळेत होत्या. त्यांनी सांगितलं. दोघांना आपले मास्तर आठवले. त्यातल्या एका मास्तरांचा भाऊ हर्णैला मासळीच्या लिलावात असतो असं निघालं, मग तिकडे सध्या सुरमई येते का यावर दोन पानं झाली. सुभाषने मध्येच सुरमईपेक्षा आमच्या खाडीतली शेंगटी बरी असं लिहिलं आणि विलासने ती खाडी आमच्याही बाजूने लागते याची आठवण करून दिली. विषयांतराला विभाग असावा का, ही चर्चा विषयांतरामुळे मला तिसऱ्या दिवशी बंद करावी लागली. मतांचं म्हणाल तर हवा म्हणणारे थोडे, नको म्हणणारे त्याहून थोडे आणि बाकी सगळा जिल्हा विचार करून सांगणार होता. अजून कोणी सांगितलेलं नाही.

निकाल लागला नाही म्हणजे जुना नियम चालू, असं मी जाहीर केलं. दत्तारामांनी मग नियमातूनच वाट काढली. फवारणी विभागात त्यांचा प्रश्न आला : "पंपाचं नोझल तुंबल्यास काय करावे?" एक ओळ. त्याखाली चाळीस ओळी, की भर समुद्रात इंजिनाचं नोझल तुंबून जहाज चार दिवस कसं तरंगत राहिलं आणि शेवटी सगळ्यांनी नुसते कांदे कसे खाल्ले. लोकांनी तो वाचून धमाल केली. मी मात्र भडकले, कारण हा सरळ मला दिलेला चिमटा होता. आधीच्या दोन ताकिदी झालेल्या होत्या. तीन ताकिदी म्हणजे दहा दिवस बंदी, असा मीच केलेला नियम. रविवारी सकाळी मी त्यांना बंदी घातली. बंदी म्हणजे वाचता येतं, लिहिता येत नाही. खोटं कशाला बोलू, ते बटण दाबताना मला बरं वाटलं.

सोमवारपासून सकाळचा रिपोर्ट थांबला. मंच कसा स्वच्छ दिसायला लागला. कुणाला शिक्षा झाली आणि का, यावर मंचावर चर्चा करायची नाही असाही एक नियम होता, त्यामुळे मी कुठे काही लिहिलं नाही. माझी झाडलोट दिवसातून दोनदा असे, सकाळी दहाला ऑफिस उघडल्यावर आणि संध्याकाळी घरून. त्या आठवड्यात झाडायला नेहमीपेक्षा जास्त निघत होतं. मी कारण टाकत होते आणि काढत होते.

शुक्रवारी साडेदहाला सुलभाताईंचा ऑफिसच्या फोनवर फोन आला.

"बाई, दत्ताराम कुठे आहेत?"

मी म्हणाले, "त्यांच्यावर दहा दिवसांची कारवाई झाली आहे."

"हे तुम्ही तेव्हाच लिहिलं असतंत तर? मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तुम्ही उडवलंत. काल दुपारपासून मी त्यांना फोन करतेय, लागत नाही. तुम्हाला तिथून दिसतं ना, माणूस येऊन वाचून गेला की नाही ते?"

दिसतं. मंचचालकाला प्रत्येक सभासद शेवटचा केव्हा येऊन गेला ते दिसतं. मी कधी बघत नसे, लोक काय लिहितात तेच बघून डोळे दुखायचे. मी दत्तारामांचं खातं उघडलं. सोमवारी सहाला आले होते. मंगळवारी सहाला. बुधवारी सहाला. लिहायची बंदी असलेला माणूस रोज ठरल्या वेळी येऊन नुसतं वाचून जात होता. गुरुवारी आलेले नव्हते. शुक्रवारीही नव्हते.

मी ते सुलभाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता माझ्याशी बोलू नका, कुणाला तरी पाठवा." त्या वाडीच्या जवळ राहणारे सभासद मला दोनच माहीत होते. मी सुभाषला फोन केला. तो "बगतो" म्हणाला. कोकणात "बगतो" म्हणजे काय हे मला पक्कं माहीत असल्याने मी विलासलाही फोन केला. दोघे दोन दिशांनी एकाच वेळी पोचले.

दत्ताराम मागच्या अंगणात विहिरीकडच्या पायऱ्यांखाली सापडले. बुधवारी दुपारी पंप बघायला उतरताना पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं आणि मोबाइल विहिरीत गेला. सरपटत ते पाण्याच्या पिंपापर्यंत आले होते आणि तिथेच दोन रात्री काढल्या होत्या, जानेवारीच्या थंडीत. गाडी खालच्या रस्त्यापर्यंतच येते, वर यायला जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी. दोन्ही भावांनी त्यांना लाकडी खुर्चीत बसवून दोरीने बांधलं आणि पाखाडी उतरून रिक्षेपर्यंत आणलं. सात वर्षांनी ते पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. काय बोलले ते दत्तारामांनी मला नंतर सांगितलं : "तुज्या बाजूनी खाली धर." "माज्या बाजूनी बरोबर हाय, तू वर धर."

शनिवारी दुपारी मी रत्नागिरीच्या इस्पितळात गेले. रिक्षात बसून मी एक छोटं भाषण तयार केलं होतं, त्यात "प्रशासकीय अपरिहार्यता" असा शब्द होता. वॉर्डात शिरले आणि तो पाय वजनाला टांगलेला बघितला आणि भाषण विसरले. माणूस फोनवरच्या आवाजापेक्षा पुष्कळ लहान होता.

"तुमीच त्या बाई?" त्यांनी विचारलं. "बंदी किती दिवस ऱ्हायली?"

"उठवली मी."

"नियमात बसतं काय?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. चार दिवस हायत. पुरे करतंय."

मी स्टुलावर बसले. शेजारच्या खाटेवर हात प्लास्टरमध्ये असलेला एक माणूस आमच्याकडे तोंड करून ऐकत होता. दत्ताराम छताकडे बघत म्हणाले, "बंदी घातलात त्याचं काय नाय. मी जास्ती बोलतंय, मना ठाव हाय. पन एक सांगू? बोटीवर सकाळी एक मानूस दिसला नाय तर भोंगा वाजवतात. बोट उलटी फिरवतात, समुद्रात पडला असंल तर म्हनून. मी सोमवारपासून रोज सकाळी येऊन बगत होतो. म्हटलं, कोन विचारील, आज रिपोर्ट का नाय. कोन नाय विचारलान. मग म्हटलं, बाईंचंच बरोबर. ते आंब्याचं ठिकान. तिथं आपलं काय."

लोकांनी विचारलं होतं. दहानंतर विचारलं होतं, दुपारी विचारलं होतं, दिवेलागणीला विचारलं होतं. हे सहाला यायचे तोवर मी दोनदा झाडून ठेवलेलं असायचं.

मंचावरून काढलेलं लिखाण खरं तर नाहीसं होत नाही. ते एका कचरापेटीत जातं आणि ती मंचचालकाशिवाय कुणाला दिसत नाही. मी मोबाइलवर ती पेटी उघडली आणि त्यांच्यापुढे धरली. ते म्हणाले, "चष्मा पन विहिरीत हाय. तुमी वाचा."

मी वाचायला लागले. "सुलभा, चिपळूण. दत्ताराम, आज रिपोर्ट नाही? बरं आहे ना?"

"खाली काय लिवलंय? बारीक अक्षर दिसतंय."

"ते आमचं ऑफिसचं असतं."

"वाचा."

मी वाचलं. "काढून टाकले. कारण : विषयबाह्य." आणि खाली माझं नाव.

"पुडं."

"राजापूर. वारा कुठला ते आज कळलं नाही. फवारणी थांबवून ठेवली आहे. दत्ताराम कुठे आहेत? काढून टाकले. कारण : विषयबाह्य." हे मी वाचलं आणि माझं मलाच कळलं की यात विषयाबाहेरचं काहीच नव्हतं. नुसतं दत्ताराम हे नाव दिसलं म्हणून मी ते न वाचता उचललं होतं. हाच तो राजापूरचा माणूस, ज्याच्यासाठी म्हणून मी एवढी कडक झाले होते.

"ठाणे. माझी इथे तीनच कलमं आहेत, पण रोज कामाला निघताना दत्तारामांचं वाचून निघतो. दोन दिवस चुकल्यासारखं होतंय." कारण : विषयबाह्य. "दत्ताकाका गप्प कसे? विलासने काय केलं काय?" कारण : विषयबाह्य. "मी काय केलं? सुभाषला विचारा." कारण : विषयबाह्य. इथे शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला आणि नर्सकडे बघून गप्प झाला. मग सरांचं आलं. "श्री. दत्ताराम यांच्या प्रकृतीविषयी कोणास माहिती असल्यास कळवावे. तुडतुडे आटोक्यात." एवढा मोठा विद्वान, नको म्हणून मत दिलेला, तोही विचारून गेला होता. त्याच्याही खाली माझं नाव होतं.

एकूण एकोणीस जण निघाले. प्रत्येकाखालची ओळ त्यांनी मला वाचायला लावली. रागाने नव्हे, रिपोर्ट पुरा वाचायचा असतो म्हणून. शेवटी शेवटी माझा आवाज इतका बारीक झाला की शेजारचा माणूस म्हणाला, "जरा मोठ्यानं वाचा, बाई." नर्स सलाइनची बाटली बदलायला आली होती, ती बदलून झाल्यावरही तिथेच उभी होती.

दत्तारामांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. मग म्हणाले, "उत्तरं लिवून घ्या."

"कुठे लिहू?" मी विचारलं. मोहोर, कीड-रोग, खत-पाणी, फवारणी, काढणी-विक्री, काजू. माझ्या फडताळात या माणसाला ठेवायला एकही खण नव्हता. स्टुलावर बसल्या बसल्या मी नवा विभाग उघडला. मोबाइलने नाव विचारलं, मी "पडवी" लिहिलं. आमच्याकडे घरात न शिरताही जिथे बसून बोलता येतं ती जागा. मग त्याने विभागाचा विषय विचारला. तो रकाना रिकामा सोडता येत नाही, ती अट मीच घालून घेतली होती. मी लिहिलं : "सकाळी उठल्याचं कळवावं. बाकी काहीही."

पुढे समितीच्या सभेत कुणीतरी विचारलं की हा ठराव कधी झाला. मी सांगितलं, पुरुषांच्या वॉर्डात. आबा म्हणाले, "बाईंनी बघितलंय ना, मग झालं." सरांनी लेखी निषेध नोंदवला आणि आता तेच पडवीत सगळ्यांत जास्त वेळ बसलेले असतात, आपल्या गुडघेदुखीचे तक्ते टाकत. नऊपर्यंत ज्याचा पत्ता नाही त्याला सुलभाताई फोन करतात. त्या फोनच्या भीतीने माणसं वेळेवर उठायला लागली आहेत. बाकीचे विभाग पूर्वीपेक्षा स्वच्छ राहतात हेही खरं. इतकी वर्षं मी ज्यासाठी झटले ते मी केलेल्या नियमांनी झालं नाही, ज्याला नको म्हणत होते त्याने झालं. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. नोकरीचा अभिमान आहे, नाही असं नाही. शोधल्यावर मिनिटात औषध सापडावं असा मंच मी राखला. पण मी काढलेलं सगळं त्या पेटीत अजून आहे आणि त्यात आणखी किती जणांनी कुणाकुणाला विचारलेलं असेल ते उघडून बघायचा धीर मला झालेला नाही.

त्या दुपारी मी एकोणीस जणांचं सगळं पेटीतून काढून पडवीत ठेवलं. दत्ताराम एकेकाचं उत्तर सांगत गेले, मी लिहीत गेले. ठाण्याच्या माणसाला त्यांनी कलमांना पाणी किती घालायचं ते सांगितलं, राजापूरला वॉर्डाच्या खिडकीतून दिसतो तेवढा वारा सांगितला. अकरावं उत्तर सांगता सांगता औषधाने त्यांचा डोळा लागला. मी थोडा वेळ थांबले. नर्स म्हणाली, आता संध्याकाळपर्यंत उठायचे नाहीत.

आठ जण राहिले होते. त्यांना मीच उत्तर लिहिलं, माझ्या नावाने, आठही जणांना एकच : "तुम्ही विचारलं होतंत, ते मी काढून टाकलं. दत्ताराम इथे माझ्यासमोर आहेत. झोपले आहेत."